मागील बाकी : रवींद्रनाथांच्या तीन कथांचा पुनर्विचार

१

कोलकात्यात राहणाऱ्या मराठी कुटुंबाच्या वाट्याला दरवर्षी दोन वर्षारंभ येतात. चैत्र शुद्ध प्रतिपदेला गुढी उभारून झाली, की काही आठवड्यांच्या आत, १४ किंवा १५ एप्रिलला, ‘पोयला बैशाख’ येतो. दोन्ही दिवस नव्या वर्षाचेच. परंतु दोहोंचा भाव एक नव्हे. आपली गुढी आभाळाकडे पाहते, बंगाली दुकानदाराची ‘हालखाता’ वहीकडे पाहते. लाल कापडी बांधणीची नवी खातेवही घेऊन तो देवळात जातो, लक्ष्मी-गणेशाची पूजा करतो, गिऱ्हाइकांना बोलावून मिठाई देतो; आणि गिऱ्हाईकही रिकाम्या हाताने न येता मागील उधारीपैकी काही रक्कम भरून जाते. उरलेली बाकी नव्या वहीवर चढते. वही नवी असते, हिशेब मात्र जुनाच पुढे चालतो. आपल्याकडील दिवाळीच्या वहीपूजनातही याहून निराळे काही घडत नाही.

नववर्षावरील आपल्या ललित लेखनाने मात्र व्यापाऱ्याचे हे शहाणपण क्वचितच घेतले आहे. ‘जुने विसरा आणि नव्याने आरंभ करा’ हा त्यातील ठरलेला सूर होय. बदलीच्या नोकरीत आयुष्य काढणाऱ्या माणसाला तो सूर विशेष गोड लागतो, यात नवल नाही. दर तीन-चार वर्षांनी सरकारच त्याला नवे गाव, नवी कचेरी, नवे बिऱ्हाड देते. जुने शेजार, जुन्या कुरबुरी आणि जुने ऋणानुबंध मागे पडतात. असा आरंभ वारंवार करण्याची सवय लागली म्हणजे त्याची किंमत कोणी भरली हे विचारण्याची सवय सुटते.

हा प्रश्न ज्या साहित्यकृतींनी अत्यंत शांतपणे विचारला आहे, त्यांत रवींद्रनाथ ठाकुरांच्या तीन कथांचा समावेश करावा लागेल : ‘पोस्टमास्तर’ (१८९१), ‘काबुलीवाला’ (१८९२) आणि ‘छुटी’ (बंगाली सन १२९९ चा पौष, म्हणजे १८९२-९३ ची संधी). तिन्ही कथा इतक्या परिचित आहेत, की त्यांच्याविषयी नवे काय सांगावयाचे असे वाचकांस वाटेल. परंतु अतिपरिचयाने या कथांचे नुकसानच झाले आहे. करुणरसाचे सुबक नमुने म्हणून त्या पाठ्यपुस्तकांत गेल्या, आणि डोळे पुसून पान उलटण्याचीच रीत पडली. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे, की या कथा करुण आहेत त्याहून अधिक हिशेबी आहेत. मोठ्या माणसाचा नवा आरंभ कोणत्या लहान माणसाच्या नावे खर्ची पडतो, याची त्या नोंद ठेवतात.

२

‘पोस्टमास्तर’ ही कथा एका बदलीवरील कर्मचाऱ्याची आहे हे आपण विसरतो. कलकत्त्याचा एक तरुण उलापूर नावाच्या खेड्यात नेमला जातो. निळीच्या कारखान्याच्या साहेबाने खटपट करून तेथे पोस्ट आणलेले. कचेरी एका अंधाऱ्या गवती छपराच्या घरात, जवळच शेवाळलेले तळे. गावात बरोबरीचे बोलण्यास कोणी नाही. घरकाम करण्यास रतन नावाची बारा-तेरा वर्षांची पोरकी मुलगी आहे. संध्याकाळी एकटेपणा जड झाला म्हणजे तो तिला हाक मारतो, तिच्या आईबापांविषयी विचारतो, आपल्या आईविषयी आणि थोरल्या बहिणीविषयी सांगतो. पुढे तो तिला अक्षरे शिकवू लागतो आणि थोड्याच दिवसांत ती जोडाक्षरांपर्यंत येते. तो आजारी पडतो तेव्हा ही पोर एका रात्रीत मोठी होते, वैद्याला बोलावते, उशाशी जागते. बरा झाल्यावर तो बदलीचा अर्ज करतो. अर्ज नामंजूर होतो. तो राजीनामा देऊन निघून जातो.

या कथेच्या जन्माची हकीकतही लक्षात घेण्याजोगी आहे. जमीनदारीच्या कामासाठी रवींद्रनाथ शाहजादपूर येथे राहत असत, तेव्हा त्यांच्या कोठीच्या तळमजल्यावरच पोस्ट होते. तेथील पोस्टमास्तर संध्याकाळी गप्पांना येत. ‘हितवादी’ साप्ताहिकात कथा प्रसिद्ध झाल्यावर त्या गृहस्थांनी लाजत-हसत तिचा उल्लेख केला, असे रवींद्रनाथांनी पुतणी इंदिरादेवी यांना लिहिलेल्या एका पत्रात नमूद केले आहे. इंदिरादेवी म्हणजे पहिले भारतीय सनदी अधिकारी सत्येंद्रनाथ ठाकुर यांच्या कन्या. सत्येंद्रनाथांची सारी नोकरी मुंबई इलाख्यात झाली. मुलगा सुरेंद्रनाथ पुण्यास जन्मला, इंदिरादेवी १८७३ साली कलादगीस जन्मल्या, आणि १८९७ साली सत्येंद्रनाथ साताऱ्याहून निवृत्त झाले. आपण महाराष्ट्रातून बंगालात आलो, ते कुटुंब बंगालातून महाराष्ट्रात गेले होते. या पत्रांची पहिली वाचक अशा रीतीने बदलीच्या घरात वाढलेली एक मुलगी होती. या गोष्टीवरून कथेचा अर्थ ठरवावा असे मुळीच नव्हे. परंतु परमुलखातील नोकरी हा विषय या लेखकाच्या घरात परका नव्हता, इतके निश्चित.

आता कथेच्या मर्माकडे वळू. रतन विचारते, मला तुमच्या घरी न्याल का. आणि पोस्टमास्तर हसून, ते कसे शक्य आहे, असे म्हणतो. त्याच्या हसण्यात दुष्टपणा नाही. तो सज्जन आहे. नव्या पोस्टमास्तरांना तुझी काळजी घेण्यास सांगून जाईन, असे तो म्हणतो. वाटखर्चापुरते ठेवून सारा पगार तिच्या हातावर ठेवू पाहतो. ती दोन्ही नाकारते आणि पळून जाते. टीकाकार या जागी वर्गभेदाची किंवा वयाची चर्चा करतात. तिला अर्थ आहे. परंतु मुख्य मुद्दा त्याहून साधा वाटतो. त्या संध्याकाळी पोस्टमास्तराने वेळ घालविला. रतनने त्या संध्याकाळींवर घर बांधले. त्याच्या आई-बहिणीला ती आपल्या नात्याने ओळखू लागली होती. एकच व्यवहार दोन वह्यांत दोन निरनिराळ्या रकमांनी लिहिला गेला, आणि निघताना पोस्टमास्तराने आपल्या वहीप्रमाणे बाकी चुकती करू पाहिली.

नाव सुटल्यावर त्याला परत फिरण्याची ओढ लागते. पण शिडांत वारा भरलेला, नदी पुराने वेगात. मग त्याला तत्त्वज्ञान आठवते : जगात असे कितीतरी वियोग, कितीतरी मृत्यू, परतून काय होणार? रतनला असे तत्त्वज्ञान सुचत नाही. ती पोस्टाच्या घराभोवती घोटाळत राहते. या दोन वाक्यांच्या शेजारात कथेची सारी धार आहे. तत्त्वज्ञान ज्याला परवडते त्याला ते सुचते. यानंतर लेखक मानवी हृदयाच्या भ्रांतीवर जे भाष्य करतात ते आम्हांस अनावश्यक वाटते. कथेने जे दाखविले ते सांगितल्याने उणे होते. सत्यजित राय यांनी १९६१ साली ‘तीन कन्या’ या चित्रपटात हा शेवट बदलला. तेथे रतन पाण्याची बादली घेऊन पोस्टमास्तराजवळून निघून जाते, पैशासाठी थांबत नाही, आणि नव्या माणसाला पाणी आणल्याचे सांगते. हा शेवट अधिक संयमी आहे, रतनला मान देणारा आहे. तरीही मूळ शेवट अधिक निर्दय, आणि म्हणून अधिक खरा म्हणावा लागेल. मानी रतनला सोडून जाणे प्रेक्षकास जड जात नाही. वाट पाहणाऱ्या रतनला सोडून जाणे जड जाते.

३

‘छुटी’ या कथेत सोडून जाणारा मनुष्य नाही, नेणारा आहे. फटिक चक्रवर्ती हा गावातील पोरांचा म्होरक्या. दीर्घकाळ पश्चिमेकडे नोकरी करून परतलेला मामा विश्वंभर बहिणीला भेटण्यास येतो. मधल्या काळात बहिणीला दोन मुले झालेली, तिचा नवरा वारलेला. आणि यांपैकी कशाच्याही वेळी भाऊ जवळ नव्हता. मुलगा हूड आहे, अभ्यासात लक्ष नाही, हे ऐकून तो त्याला कलकत्त्यास शिकविण्यासाठी नेण्याचे ठरवितो. विश्वंभराचे हे औदार्य कोठून येते? रवींद्रनाथ स्पष्ट सांगत नाहीत. परंतु इतकी वर्षे दूर राहिलेल्या भावाची ती फेड आहे असे मानल्यास कथा अधिक उलगडते. फेड करणारा मामा, आणि ज्याच्या रूपाने फेड व्हावयाची तो फटिक!

या निर्णयात सर्वांचा थोडा-थोडा स्वार्थ लेखकाने किती हलक्या हाताने दाखविला आहे! आईला धाकट्या माखनची काळजी, म्हणून तिला हायसे वाटते. फटिक जाण्यास इतका उत्सुक, की आईला आतून किंचित दुखतेही. फटिक जाताना आपला गळ, पतंग आणि फिरकी माखनला कायमची देऊन टाकतो. नव्या आरंभाच्या उत्साहात लहान मूलही आपले जुने राज्य दान करून मोकळे होते. परतीचा दरवाजा त्याने स्वतःच लावून घेतला, हे त्याला त्या वेळी कळत नाही.

कलकत्त्यात मामीला आपली तीन मुले असताना हा चौथा नकोसा होतो. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाविषयी येथे रवींद्रनाथांनी जो परिच्छेद लिहिला आहे, तो बालमानसशास्त्राच्या पुष्कळ पुस्तकांहून मोलाचा आहे. या वयाच्या मुलाचे बोबडे बोलणे लाडिकपणाचे ठरते, शहाणे बोलणे आगाऊपणाचे. त्याला स्नेहाची भूक सर्वांत अधिक, आणि तो मागण्याचा अधिकार सर्वांत कमी. शाळेत तो मठ्ठ ठरतो, पुस्तक हरवतो, मामीचे बोल खातो. घरी कधी जाईन असे विचारल्यावर मामा सांगतो, सुटी लागली म्हणजे. सुटी कार्तिकात, पूजेची. तोपर्यंत फटिक टिकत नाही. तापात तो पावसातून घराकडे निघतो, पोलीस त्याला परत आणतात, आणि शेवटच्या ग्लानीत त्याला आगबोटीवरील खलाशांची पाण्याची खोली मोजण्याची हाक ऐकू येते. तळ लागत नसतो.

या कथेत खलपुरुष नाही, हे तिचे सामर्थ्य होय. मामी कठोर आहे, पण तिची बाजू अन्यायाची नाही; तिला विचारल्यावाचून तिच्या घरात एक मूल आणून ठेवले गेले. मामा प्रेमळ आहे, पण त्याचे प्रेम कचेरीच्या वेळाबाहेरचे आहे. दोष कोणा एकाचा नव्हे, आणि म्हणूनच कोणीच तो आपल्या नावे मांडत नाही. आपल्यापैकी अनेकांनी मुलाच्या दहावी-बारावीच्या वर्षी त्याला पुण्याला काका-मामाकडे ठेवले असेल, किंवा पुण्याहून येथे आणले असेल. ‘मुले लवकर रुळतात’ हे वाक्य अशा वेळी आपण परस्परांना सांगतो. बहुधा ते खरेही ठरते. ‘छुटी’ ही त्या ‘बहुधा’च्या बाहेर राहिलेल्या मुलाची कथा आहे. पुढे १९०१ च्या डिसेंबरात रवींद्रनाथांनी शांतिनिकेतनात शाळा काढली आणि मुलगा रथींद्रनाथ याला तिच्या पहिल्या विद्यार्थ्यांत बसविले, यामागे फटिकची आठवण असावी असे अनुमान कोणी केल्यास त्याला चुकीचे म्हणवणार नाही. मात्र कथेची थोरवी त्या अनुमानावर अवलंबून नाही.

४

‘काबुलीवाला’ ही तिघींत सर्वांत लोकप्रिय, आणि आमच्या मते सर्वांत चुकीची वाचली गेलेली कथा. १९५७ साली तपन सिंह यांच्या बंगाली चित्रपटाने आणि १९६१ साली बलराज साहनी यांच्या अभिनयाने गाजलेल्या हिंदी चित्रपटाने रहमत हा तिचा नायक ठरविला. मूळ कथेत निवेदक मिनीचा बाप आहे, आणि कथा जितकी रहमतची तितकीच त्याची आहे.

रहमत दूर देशीचा फेरीवाला. दरवर्षी माघात उधारी वसूल करून मायदेशी जाणारा. एका शालीच्या उधारीवरून तंटा होतो, तो सुरा चालवितो आणि काही वर्षांसाठी तुरुंगात जातो. तो सुटून येतो त्या दिवशी मिनीचे लग्न असते. त्याच्याजवळ मुलीच्या हाताचा काजळीने उमटविलेला ठसा असतो, हे सर्वांस ठाऊक आहे. या ठशावर डोळे इतके खिळतात, की त्याआधीचे एक वाक्य नजरेतून सुटते. मधल्या वर्षांचे वर्णन करताना बाप सांगतो, की मिनी मोठी होत गेली, तिला नवे सोबती मिळाले, ती आता त्याच्या लिहिण्याच्या खोलीतही दिसत नाही. दोघांची जणू कट्टीच झाली आहे. रहमतची मुलगी पर्वतांपलीकडे वाढली आणि निवेदकाची शेजारच्या खोलीत. अंतर दोघांचेही सारखेच पडले. नवरीच्या वेषातील मिनीला पाहून रहमतला कळते, की आपली मुलगीही अशीच वाढली असेल, तिची नव्याने ओळख करून घ्यावी लागेल. बाप हे रहमतविषयी सांगतो. स्वतःविषयी सांगत नाही. परंतु त्याने आधीच सांगून ठेवले आहे. कथेची ही रचना भावविवश लेखकाची खचित नव्हे.

येथे एक आक्षेप नोंदविणे अवश्य आहे. शेवटी बाप लग्नाच्या थाटातून दिवे आणि बँड यांचा खर्च वगळून एक नोट रहमतला देतो, घरातील स्त्रिया नाराज होतात, आणि त्या मंगल प्रकाशात कथा संपते. ‘पोस्टमास्तर’मध्ये ज्या पैशाने हिशेब मिटत नाही असे दाखविले, त्याच पैशाने येथे तो फार सहज मिटतो. शिवाय हे औदार्य कोणाच्या खर्चाने? मिनीच्या आईच्या. कथाभर ती ‘मिनीची आई’ याच ओळखीने वावरते. परक्या माणसाकडे मूल सोपविण्याची तिची भीती हास्यास्पद ठरविली जाते. वस्तुतः तो प्रश्न कोणत्याही आईने विचारावा असाच आहे. बापाच्या हृदयाचा इतका सूक्ष्म वेध घेणाऱ्या लेखकाने आईला उंबरठ्याआड ठेवले, ही या कथेची उणीव होय. मिनीचे चित्र आपल्या थोरल्या मुलीवरून, बेलावरून, रेखाटल्याचे रवींद्रनाथांनी पुढे सांगितले आहे. बेलाचा जन्म १८८६ चा. १९०१ साली, पंधरा पूर्ण होण्याआधीच, तिचे लग्न त्यांनी करून दिले. कथेतील बापाला जे कळले ते जीवनातील बापाला आचरता आले असे नव्हे. साहित्याने शहाणपण मिळते, अंमलबजावणीची हमी मिळत नाही.

५

याच वर्षांत मराठीत काय घडत होते? हरिभाऊ आपट्यांचे ‘करमणूक’ १८९० साली निघाले, आणि ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी त्यातून क्रमशः येत होती. तिच्यातील यमू आपली कहाणी स्वतः सांगते. पुण्याच्या मोठ्या घरातून मुंबईस येऊन नवऱ्याबरोबर केलेला नवा आरंभ, त्या अल्प सुखाचे दिवस, सारे तिच्याच तोंडून येते. रवींद्रनाथांच्या रतनला आणि फटिकला असा उत्तमपुरुषी आवाज नाही. त्यांचे दुःख मोठ्यांच्या भाषेतून गाळून येते. या बाबतीत हरिभाऊ पुढे होते असे म्हणण्यास हरकत नाही. उलट, यमूची कहाणी आपल्याला तिच्या छळकांविरुद्ध उभे करते. रवींद्रनाथांच्या कथांत विरुद्ध उभे राहण्यास कोणी नसते, आणि बोट आपल्याकडेच वळते.

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ने (१९३५) मराठी घरांना आई-मुलाच्या नात्याची जी भाषा दिली, ती कृतज्ञतेची भाषा आहे. मोठा झालेला मुलगा आईचे ऋण आठवतो. ही दृष्टी उदात्त आहे. परंतु तिच्या सवयीने आपण ऋण नेहमी मुलाच्या बाजूसच लिहितो. रवींद्रनाथांच्या या तीन कथांत ऋण मोठ्यांच्या बाजूस आहे. पोस्टमास्तर, विश्वंभर आणि मिनीचा बाप हे तिघेही देणेकरी आहेत, आणि तिघांपैकी एकालाही पूर्ण फेड साधत नाही. गुरुजींनी विश्वभारतीपासून स्फूर्ती घेऊन ‘आंतरभारती’चे स्वप्न पाहिले होते. त्या स्वप्नाचा एक अर्थ असा करता येईल, की ‘श्यामची आई’ आणि ‘छुटी’ एकाच घरात, एकापाठोपाठ वाचली जावीत. एकाने मुलांना पालकांचे देणे समजेल, दुसरीने पालकांना मुलांचे.

बदली टाळता येत नाही, आणि टाळावी असा उपदेश या कथा करीत नाहीत. पोस्टमास्तराने उलापुरातच राहावयास हवे होते असे कोणी म्हणणार नाही. नदीला पूर होता, ही सबबही खोटी नव्हती. कथेचा आग्रह इतकाच, की निघताना रतनची बाकी शून्य लिहू नये. मुलाची शाळा सुटली, त्याच्या जिवाभावाचा मित्र सुटला, घरी काम करणाऱ्या बाईची मुलगी आपल्या मुलीबरोबर वाचावयास बसत होती ती सुटली. यांची पूर्ण भरपाई बहुधा होत नाही. परंतु ज्याची भरपाई होत नाही त्याची नोंदही ठेवू नये, असा नियम कोणत्याही दप्तरात नाही. निदान मुलाला ‘तू लवकर रुळशील’ असे सांगण्याआधी, काय मागे राहिले हे त्याच्याच तोंडून ऐकून घेणे प्रत्येकास शक्य आहे. फटिकला हे कोणी विचारले नाही.

यंदाच्या वैशाखाच्या पहिल्या दिवशी आपल्या वाचकांनी या कथा पुन्हा काढाव्यात, आणि शक्य तर मूळ बंगालीत वाचाव्यात. येथे वाढणारी आपली मुले ती भाषा अनेकदा आपल्याहून अधिक सहज बोलतात. अडलेल्या शब्दाचा अर्थ त्यांनाच विचारावा.